खालच्या सप्तकातला हात

१

साळव्यांच्या गायन पार्टीत एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हासुद्धा त्या नियमाचाच भाग होता. दुसऱ्याचं वाद्य घरात आलं की आधी ते धुवायचं. धुवायचं म्हणजे पाण्याने नव्हे. जुना कीबोर्ड असो की ऱ्हिदम मशीन, आधीच्या मालकाने त्यात जे काही साठवून ठेवलं असेल ते न ऐकता पुसून टाकायचं आणि मगच स्वतःचा पहिला सूर लावायचा.

संचिताने लहान असताना हे मुकाट ऐकून घेतलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हातात आल्यावर तिने ऐकून घेणं बंद केलं.

"न ऐकता का पुसायचं?" तिने विचारलं. "ऐकून पुसलं तर मेमरी जास्त खर्च होते का?"

"ही अंधश्रद्धा नाही," पप्पा म्हणाले. देवराम साळवे ढोलकीच्या वाद्या ताणत होते, त्यांनी मान वर केली नाही. "ही शिस्त आहे."

"शिस्तीला कारण असतं, पप्पा."

"असतं ना. पण ते तुला सांगितलंच पाहिजे असं कुठे असतं?"

संचिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घरातली माणसं दर जयंतीला माइक हातात घेऊन पोरांना सांगतात की प्रश्न विचारा, कोणाचं काही तसंच मानू नका, त्या घरात घरच्याच पोरीने प्रश्न विचारला की ढोलकीच्या वाद्या ताणायच्या. उत्तमकाका, पप्पांचे मोठे भाऊ आणि पार्टीचे मुख्य गायक, खिडकीत बसून चहा पीत होते. ते तर नियमाचं नाव निघालं की बहिरेच व्हायचे.

पण त्याच दिवशी तिला पप्पांकडून एक शब्दही मिळाला. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात एक गाणं तिचं. चाल तिची, वाद्यमेळ तिचा. पार्टीतल्या जुन्या कीबोर्डवर वरातीतल्या ट्रम्पेटशिवाय धड काही वाजत नव्हतं, तेव्हा नवं वाद्य तिने तिच्या ट्यूशनच्या पैशांतून आणायचं. गाणं जमलं तर पुढच्या सगळ्या चाली तिच्या. नाही जमलं तर कोरसमध्ये मम्मीच्या शेजारी उभं राहायचं आणि टाळी वाजवायची.

२

तिला कीबोर्ड नको होता, सिंथेसायझर हवा होता. फरक घरात कोणाला कळला नाही. पार्टीत ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या रत्नदीपला अर्धामुर्धा कळला.

"कीबोर्डात आवाज तयार मिळतात," तिने त्याला समजावलं. "ह्यात आपण घडवायचा. मडक्यासारखा."

"मोबाईलवर फुकट मिळतं की हे सगळं."

"काचेवर बोट फिरवून मडकं होत नाही, रत्न्या. हाताला वळवायला काहीतरी लागतं."

ठाण्यात स्टेशनजवळच्या दोन दुकानांत ती इतक्यांदा गेली की दुकानदार तिला बघून आपणहून हेडफोन पुढे करायला लागला. एक अगदी स्वस्त होतं, डब्याएवढं, आवाज गडगडाटी, पण एका वेळी एकच सूर. "आमच्या पप्पांसारखं आहे," ती म्हणाली आणि ठेवून दिलं. एक होतं आठ सुरांचं. त्यावर तिने दोन्ही हात ठेवले आणि डोळेच मिटले. मग किंमत विचारली आणि हात काढून घेतले.

मधला मार्ग म्हणजे चार सुरांचं. एका वेळी चारच पट्ट्यांना आवाज. पाचवी दाबलीत तर यंत्र आधीच्या चारांतल्या एकीचा गळा गुपचूप बंद करतं आणि तो आवाज नवीला देतं. गरिबाच्या घरातल्या ताटांसारखं. पाहुणा आला की घरातल्या कोणीतरी उठायचं. संचिताला ते चाललं असतं. चार सुरांत बसेल अशीच चाल बांधायची.

नवं तेही परवडेना. शेवटी इंटरनेटवर एक जुनं सापडलं. बाळकुमला.

सोसायटी नवी होती, लिफ्टला अजून लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या. दार उघडलं ते नीला नावाच्या बाईने. पस्तिशीची असेल, घरात एकटी, बँकेत नोकरी. हॉलमध्ये टेबलावर सिंथ लावूनच ठेवला होता आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या होत्या.

संचिताने सगळे गोल नॉब वळवून पाहिले, सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. धूळसुद्धा नव्हती. "इतका छान ठेवलाय तुम्ही. मग का विकताय?"

"मला येत होतं वाजवायला," नीला म्हणाली. "आता येत नाही."

हे उत्तर जरा विचित्र होतं, पण दर चांगला होता, आणि चांगल्या दरापुढे माणूस विचित्र उत्तरं ऐकून सोडून देतो. नीलाने सिंथ जुन्या चादरीत गुंडाळून दिला. लिफ्टपर्यंत आली. दार मिटता मिटता तिने विचारलं,

"एकटीच वाजवणार का?"

"हो."

"अच्छा," ती म्हणाली, आणि दार मिटलं.

३

विठ्ठलवाडीच्या घरी आतल्या खोलीत सतरंजीवर तिने तो मांडला. बाहेर मम्मीने ओरडून विचारलं, "धुतलास का गं?"

"धुतला," संचिताने तिथूनच सांगितलं आणि हेडफोन लावले.

साठवणीच्या सगळ्या जागा रिकाम्या होत्या. नीलाने पुसून दिल्या असाव्यात. एकच, अगदी शेवटची, भरलेली होती. तिने ती वाजवली.

एक साधी चाल होती. शिकाऊ हात, पण गोड. शब्द शोधत बोलणाऱ्या मुलीसारखा थांबत थांबत पुढे जाणारा. त्याच्याखाली, मंद्र सप्तकात, दुसरा एक हात होता. तो शिकाऊ नव्हता. तो फार कमी वाजवत होता. वरचा हात चार पावलं चालला की खालचा एक पाऊल टाकायचा, आणि ते पाऊल असं पडायचं की वरची साधी चाल एकदम खोल वाटायची. विहिरीवर कोणीतरी वाकून बोलावं तशी.

नीलाचे शिक्षक, संचिताने ठरवलं. दोन खुर्च्या त्यासाठीच.

खरं तर हे पुसून टाकायला तिची हरकत नव्हती. पण तिने ते पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. मग नकळत तिचा उजवा हात पट्ट्यांवर गेला आणि त्या खालच्या सुरांवर तिने स्वतःचं काहीतरी वाजवलं. ते इतकं बरोबर बसलं की तिच्या अंगावर काटा आला. आनंदाचा.

आठवड्याभरात गाणं उभं राहिलं. एप्रिलसाठी, तिचं, आणि पार्टीत आजवर कोणी बांधलं नव्हतं असं. ती रोज सकाळी ट्यूशनची पोरं यायच्या आत बसायची. खालच्या हाताची ती चार-दोन पावलं तिने स्वतःच्या डाव्या हाताने वाजवून पाहिली, पण ती तशी पडत नव्हती. म्हणून ती शेवटची जागा चालू ठेवायची आणि वर आपण वाजवायची.

ते पुसायचं आता तिच्या मनातही नव्हतं.

४

मग एका सकाळी चार पट्ट्या दाबल्यावर तीनच वाजल्या.

साठवणीतलं काही चालू नव्हतं. नुसता सिंथ, नुसती ती. तिने पुन्हा दाबल्या. तीन. एकेक करून सगळ्या पट्ट्या तपासल्या, सगळ्या खणखणीत. परत चार एकदम. तीन.

रत्नदीपला बोलावलं. तो दुपारी उल्हासनगरहून थेट आला, घाम पुसत, हातात कलिंगड घेऊन.

"चारांतला एक व्हॉइस उडालाय," त्याने निदान केलं. "घेताना बघायचं ना. आता बोंबला."

"उडाला असता तर एकेकटी पट्टी दाबतानाही मधेच एखादी मुकी गेली असती. सूर आळीपाळीने चारही जागांवर जातात. हे बघ." तिने एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली. एकदाही चुकली नाही. "चौथी जागा मेलेली नाही. भरलेली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे आधीच काहीतरी वाजतंय."

रत्नदीप हसला. "मग कोणीतरी पट्टी दाबून बसलंय. उठवा त्याला, पाहुणे आलेत."

तीही हसली. त्याने सिंथ बंद करून चालू केला. चारही सूर वाजले. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. जरा वेळाने, कलिंगडाच्या फोडी खाऊन झाल्यावर, तिने सहज पुन्हा हात ठेवला. तीन.

यंत्र बिघडलं की त्याच्या बिघाडाला एक स्वभाव असतो, हे तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेतून माहीत होतं. गरम झालं की बिघडतं, हललं की बिघडतं. ह्याचा स्वभाव वेगळा होता. हे, कोणी जाऊन परत येऊन बसावं तसं, बिघडत होतं.

रत्नदीपने डावीकडच्या, सगळ्यात खालच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि थांबला. "गरम लागतंय हे."

"खाली अडॅप्टर आहे."

त्याने अडॅप्टर उचलून उजवीकडे ठेवला. दोघं वाट बघत बसली. बाहेर बोअरची मोटर चालू झाली, बंद झाली. संचिताने पट्ट्यांना हात लावला. वरच्या गार होत्या. खालच्या दोन-तीन तशाच कोमट, बसमधून कोणी नुकतंच उठून गेल्यावर सीट असते तशा.

"मी निघतो," रत्नदीप म्हणाला. उरलेलं कलिंगड न घेताच गेला.

५

संचिता घाबरली नव्हती असं नाही. पण तिची भीती नेहमीच कुतूहलाच्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून चालायची.

तिने विचार केला. एखादा सूर चालू असून ऐकू येत नसेल, तर त्याचा आवाज कुठेतरी कोंडलेला असणार. आवाजावरचं झाकण उघडणारा एक नॉब असतो. तो बंद असला की वरचे सूर ऐकू येतात, पण अगदी खालचा सूर वाजत असूनही गाडला जातो. तिने दोन्ही हात पट्ट्यांवरून काढले, नॉब चिमटीत धरला आणि अगदी सावकाश वळवायला घेतला.

आधी काहीच नाही. मग दूरवर मोटर चालू असावी तसं काहीतरी. मग तो सूर आला. खालचा, एकटा, न थरथरता. किती वेळ धरून ठेवला होता कोणास ठाऊक.

तिने नॉब तसाच ठेवला. सूर थांबला. एखादा श्वास घ्यावा एवढा वेळ गेला आणि दुसरा लागला. एका पट्टीने वर.

तिच्या दिशेने.

तिने नॉब बंद केला आणि नीलाला फोन लावला.

"तुमच्या सिंथमध्ये शेवटच्या जागेवर एक चाल राहिलीय," ती म्हणाली. "तुम्ही आणि तुमचे सर वाजवताय ती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नीला म्हणाली, "मला सर नव्हते. मी मोबाईलवर बघून शिकले."

"मग खालचा हात?"

"तो मी कधी वाजवला नाही." तिचा आवाज एकदम खाली आला. "मी तर पुसलं होतं ते. तुला खरंच ऐकू येतंय? वरचंही?"

"हो."

"फोन जवळ धरशील का जरा? प्लीज."

संचिताने फोन स्पीकरजवळ धरला आणि चाल लावली. संपल्यावर नीला म्हणाली, "किती छान वाजवत होते गं मी."

"तुम्ही सोडलंत का?"

"सोडलं नाही. पुसलं. त्या दिवसापासून बोटांना काही आठवतच नाही. सा कुठे असतो तेही नाही." मग तिने विचारलं, "तुझ्याकडे अजून खालीच आहे ना तो? मध्यापर्यंत नाही ना आला?"

संचिता काही बोलण्याआधी फोन ठेवला गेला. नंतर लागला नाही.

६

रविवारी दुपारी तालीम होती. पप्पा ढोलकी घेऊन, मम्मी कोरसच्या वहीवर चष्मा ठेवून, उत्तमकाका पाय पसरून भिंतीला टेकून. रत्नदीपने पोटदुखीचं कारण कळवलं होतं. सिंथ मध्ये, सतरंजीवर. आज संचिताला गाणं ऐकवायचं होतं.

तिने शेवटची जागा चालू केली. खालचा हात सुरू झाला आणि त्यावर तिचा.

मम्मीचे ओठ हलायचे थांबले. पप्पांनी डोळे मिटून घेतले, चांगलं काही ऐकताना मिटायचे तसे. ते खरोखरच चांगलं होतं. ते ती तिघांच्या तोंडावर बघत होती, आणि आयुष्यात प्रथमच तिला वाटलं की आता ह्या घरात मला कोणी गप्प करू शकणार नाही.

"बंद कर," उत्तमकाका म्हणाले.

"काय झालं?"

"खालचं कोण वाजवतंय?"

"साठवलेलं आहे आतमध्ये."

"धुतलं नाहीस तू." त्यांनी पप्पांकडे पाहिलं. "देवराम, हिने ऐकलंय ते."

मम्मीने कपाळाला हात लावला. "मला म्हणाली होती धुतलं म्हणून."

"आता तरी धू," पप्पा म्हणाले. "आत्ता. आमच्यासमोर."

"कारण सांगा. मग धुते."

"बाळा, कधीतरी सांगितलेलं ऐक."

"पंचवीस वर्षांची होईन मी आता. अजून किती ऐकू?" ती काकांकडे वळली. "काका, तुम्ही कीबोर्ड वाजवायचात ना? फोटोत बसलेले दिसता. का सोडलंत?"

काका उठले नाहीत. सरपटत पुढे आले, सिंथसमोर बसले आणि त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. आयुष्यभर सुरात राहिलेला माणूस, पण ती बोटं पट्ट्यांवर अशी पडली जशी दुकानदाराच्या काउंटरवर पडावीत. त्यांनी एक पट्टी दाबली, मग शेजारची, मग गोंधळून तीच परत. समोर शिकाऊ पोर असतं तर संचिताने त्याला बोट कुठे ठेवायचं ते हसून दाखवलं असतं. ती हसली नाही.

"ऐकलं होतं मी," काका म्हणाले. "कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचा घेतला होता कीबोर्ड. ऐकलं, आवडलं, रोज त्याच्याबरोबर वाजवलं. मग घाबरलो आणि धुतलं. हात गेला. मी राहिलो." त्यांनी हात मांडीवर घेतला, जणू तो दुसऱ्याचा होता आणि त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता. "हात गेला तर जाऊ दे, संचू. गळा आहे. गाशील."

खोलीत मोटरीचा आवाज येत होता, की सिंथचा, ते कळत नव्हतं. नॉब बंद होता. तिने चार पट्ट्या दाबल्या. दोन वाजल्या.

७

तिने पुन्हा दाबल्या. ह्या वेळी एकच. तीही तिच्या करंगळीखालची, सगळ्यात वरची. बाकी तीन जागा भरलेल्या होत्या. चारांच्या घरात आता तिच्यासाठी एकच ताट उरलं होतं.

तिने बोट मधल्या 'सा'वर नेलं. पट्टी कोमट होती.

धुतलं, तर हे गाणं जाणार. नुसतं गाणं नाही, हात जाणार. बोटांत जे काही ह्या आठवड्यांत जागं झालं होतं ते सगळं, नीलाच्या त्या गोड चालीसारखं, कुठेतरी आत अडकून पडणार आणि ती उरलेलं आयुष्य टाळ्या वाजवणार. न धुतलं तर काय, हे तिला माहीत नव्हतं. ते ह्या खोलीत कोणाला तरी माहीत होतं.

"तो ऑर्केस्ट्रावाला," ती म्हणाली. "ज्याचा तुम्ही घेतलात. त्याने धुतला होता?"

"नाही," काका म्हणाले.

"मग त्याने का विकला?"

"त्याने नाही विकला. त्याच्या घरच्यांनी विकला."

"का? तो कुठे होता?"

काकांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मम्मीकडे. मम्मी चष्मा पुसायला लागली.

"माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा," संचिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट फार शांत झाला होता. "ते चालेल मला. पण माहीत असून सांगणार नसाल, आणि वर नुसतं धू म्हणाल, तर मी नाही धुणार."

"संचिता," पप्पा म्हणाले.

"नाही, पप्पा. मला घाबरवलंत तरी चालेल, पण कारण द्या. कारण नसेल तर मी स्वतः बघते पुढे काय होतं ते. मला बघायचंच आहे. कोणीतरी इतके दिवस माझ्या शेजारी इतकं सुंदर वाजवतंय, आणि तुम्ही सांगताय की मान वळवू नको."

तिने नॉब चिमटीत धरला आणि पूर्ण उघडला. तीन सूर एकदम खोलीत आले, जुने, भरलेले, तिच्या बोटाच्या अगदी लगत. मग तिने मांडी उचलली आणि सतरंजीवर जराशी उजवीकडे सरकली. डावीकडे एका माणसापुरती जागा झाली.

पप्पांची बोटं ढोलकीवर तशीच राहिली. मम्मीच्या हातात चष्मा तसाच. उत्तमकाका त्या मोकळ्या जागेकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांनी आपले पसरलेले पाय सावकाश आवरून घेतले, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे.